बुजवलेला बंकर कुठे आहे, ते माझ्या वडिलांना विचारा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ३२

स.न.वि.वि.

गोल्फचं नाव काढलं की 'श्रीमंतांचे चोचले' म्हणून फाइल बाजूला पडते, हे मला ठाऊक आहे. पण हे पत्र माळ्याच्या मुलाचं आहे, आणि मागणी जुन्या गोल्फ मैदानांची नोंद जपण्याची आहे. माझ्या वडिलांनी चेंबूरच्या गोल्फ मैदानावर गवत कापण्यात हयात घालवली. मीही शाळेच्या सुट्टीत तिथे आगेवाला होतो, म्हणजे पुढे उभं राहून साहेबांचा चेंडू कुठे पडतो ते बघणारा पोरगा.

बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. २०२७ मध्ये शंभर वर्षं होतील. या शहरात गोल्फ त्याच्याही आधीपासून आहे. रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ मध्ये निघाला होता. आज तो नाही. इमारतींसाठी मुंबईत १९९५ पासून हेरिटेज नियम तरी आहेत. मैदानाच्या चढउतारांची नोंद कोण ठेवतं?

आणि मैदान बदलतं, कुणी मुद्दाम हात न लावता. ग्रीनची, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताची, कड कापताना माळी चूक नको म्हणून यंत्र अर्धं बोट आत घेतो. अधूनमधून असं अर्धं बोट. वीस वर्षांत वेडीवाकडी ग्रीन आक्रसून बशीसारखी गोल होते. बंकर म्हणजे मैदानातला वाळूचा खड्डा. त्यातल्या प्रत्येक फटक्याला वाळू काठावर उडते आणि काठ उंच होत जातो. हौसेने लावलेली रोपं मोठी होतात, सावलीत गवत मरतं. अमेरिकेत ओकमाँट नावाचा १९०३ सालचा खासगी क्लब आहे. तिथे मैदान मूळ रूपात आणायला हजारो झाडं काढली. सदस्य भडकतील म्हणून सुरुवातीला भल्या पहाटे, अंधारात! (आपल्याकडे १९७५ च्या वृक्ष कायद्यामुळे ते जमायचं नाही, आणि जमूही नये.) अमेरिकेतल्याच पाइनहर्स्टला २०१०-११ मध्ये जुनं मैदान परत उभं केलं, त्यात १९४३ चा विमानातून काढलेला फोटो फार उपयोगी पडला.

आपल्याकडे असा फोटो किंवा नकाशा असेल का, म्हणून मी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "प्लॉट नंबर?" मी म्हटलं, मैदान आहे. "मग बिल्डर कोण?"

नकाशा नसला तरी वडील आहेत. दसरा उलटला की ते म्हणायचे, "हे बघ, इथलं गवत सगळ्यांआधी पिवळं पडलं. खाली जुना बंकर बुजवलाय. वाळूत पाणी टिकत नाही." काठीने जमिनीवर त्या बंकरची कड काढून दाखवायचे. असे जुने माळी आणि कॅडी, म्हणजे खेळणाऱ्याच्या काठ्यांची पिशवी वाहणारे, आता मोजकेच उरलेत. क्लबांच्या फलकांवर अध्यक्षांची नावं सोनेरी अक्षरांत असतात, यांची कुठेच नाहीत.

खासगी मैदानासाठी सरकारने पैसा घालावा असं मी म्हणत नाही. ते क्लबाने बघावं. तुमच्या अखत्यारीतल्या पुराभिलेख संचालनालयाने जुने नकाशे आणि फोटो शोधून खुले करावेत, बदल्यात क्लबांकडून त्यांच्या जुन्या आराखड्यांच्या प्रती मागून घ्याव्यात. आणि दोन माणसं रेकॉर्डर घेऊन या म्हाताऱ्यांकडे पाठवावीत.

वडील ८४ वर्षांचे आहेत. सकाळी दहाच्या आत आलात तर नीट बोलतात, नंतर दम लागतो.

आपला,
एक चेंबूरकर