जैसलमेरला मुक्काम तटाबाहेरच हवा

महोदय,

दिवाळीच्या सहलींच्या जाहिराती सुरू झाल्या आहेत. राजस्थानच्या अनेक कार्यक्रमांत जैसलमेरच्या वाट्याला एकच रात्र येते, आणि तीही गावाबाहेर ४० किलोमीटरवर, सम या वाळूच्या टेकड्यांच्या गावी, तंबूत. यात काय हुकते, ते पैसे भरण्याआधी कळलेले बरे.

जोधपूर ते जैसलमेर सुमारे २८० किलोमीटर, म्हणजे पाच तास. सकाळी आठला बस निघाली तरी जेवण उरकेपर्यंत दोन वाजतात, आणि सूर्यास्त गाठायचा म्हणून चारला समकडे कूच करावी लागते. दुसऱ्या दिवशी गावात परतेपर्यंत दहा. मग दोन तासांत किल्ला, एखादी हवेली आणि पुन्हा बस. किल्ल्यातली जैन मंदिरे पर्यटकांना साधारण दुपारी बारापर्यंतच पाहता येतात. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावे लागते. चाळीस जणांचे पट्टे निघून तिकिटे होईपर्यंत दार बंद होण्याची वेळ आलेली असते. पार्श्वनाथ आणि संभवनाथ मंदिरांतले कोरीवकाम हे या किल्ल्याचे खरे वैभव, आणि घाईत बळी जातो तो त्याचाच. म्हणून दोन रात्री गावात राहावे, समला एका संध्याकाळी जाऊन यावे आणि किल्ला सकाळी आठलाच चढायला घ्यावा.

मात्र गावात म्हणजे किल्ल्यात नव्हे. रावळ जैसल याने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर वसवलेल्या या किल्ल्यात आजही सुमारे तीन हजार लोक राहतात. आत हॉटेलेही आहेत, आणि ‘जागतिक वारशात मुक्काम’ म्हणून ती खपतात. (युनेस्कोच्या यादीत हा किल्ला २०१३ मध्ये गेला.) अडचण पाण्याची आहे. टेकडी एकसंध कातळाची नाही. वालुकाश्माच्या जोडीला तिच्यात मातकट, ठिसूळ थर आहेत. पाणी खालून डोक्यावर वाहून आणावे लागे तेव्हा वापर बेताचा होता, आणि पावसाचे पाणी बाहेर काढायला ‘घूट नाली’ची व्यवस्था होती. नळ आले, खोलीगणिक न्हाणीघर आणि संडास आले, आणि सांडपाणी झिरपू लागले. ओले झालेले थर फुगतात, मऊ पडतात आणि वरच्या दगडी भाराखाली सरकतात. तटाला पोट येते, मग बुरूज ढासळतो. ९९ बुरुजांच्या या किल्ल्याचे काही बुरूज असेच गेले. ऑगस्ट २०२४ च्या पावसातही तटाचा एक भाग कोसळला. रहिवाशांना हा दोष देता येणार नाही, त्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. पण दोन दिवसांच्या पाहुण्याने शॉवरखाली अर्धा तास उभे राहायला आतच उतरावे, याला काही कारण नाही. पायथ्याच्या गोपा चौकाच्या आसपास हॉटेल घ्या. गच्चीवरून किल्ला पूर्ण दिसतो, जो आत राहून कधीच दिसत नाही, आणि अखई पोळ (पोळ म्हणजे दरवाजा) चालत गाठता येते. तिथून सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ असा चढ आहे. गुडघे दुखत असतील तर रिक्षा वर दसरा चौकापर्यंत जाते.

दुपार हवेल्यांना द्यावी. पटवों की हवेली म्हणजे एक नव्हे, पाच हवेल्या. गुमानचंद पटवा यांनी १८०५ मध्ये पहिलीचे काम सुरू केले आणि पाचही पूर्ण व्हायला पन्नासेक वर्षे लागली. खासगी संग्रहालय आणि सरकारी भाग यांची तिकिटे वेगळी असतात. एकच बघायचे तर सजवलेले संग्रहालय पाहावे. मोकळ्या खोल्या आणि छत नीट न्याहाळायचे तर सरकारी भाग. नथमलची हवेली बाहेरून पाहावी. तिचे दोन अर्ध हाथी आणि लालू या भावांनी कोरले असे सांगतात, आणि डावी-उजवी बाजू बारकाईने पाहिली तर कोरीवकामातला फरक सापडतो. एवढा पैसा या वाळूत आला तो सिंध-मुलतानकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांतून. तो आटला त्यात आपल्या मुंबईचाही हात आहे. एकोणिसाव्या शतकात माल बंदरांकडे वळला, आणि उरलासुरला सिंधचा रस्ता फाळणीने बंद केला. हे डोक्यात ठेवून बाजारातून फिरले की रिकाम्या हवेल्यांचा उलगडा होतो.

समला उंटाचे भाडे बसण्याआधी ठरवावे, आणि ते ‘जाऊन-येऊन, माणशी की उंटामागे’ असे स्पष्ट बोलून. वाद होतो तो नेहमी परतीच्या भाड्यावर. जीपवाला टेकाडांवरून उड्या मारून दाखवतो म्हणाला तर नकार द्यावा, गाडी कलंडू शकते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य बुडताच गारठा पडतो. स्वेटर हॉटेलात विसरलेले रात्रभर कुडकुडतात. गर्दी आणि डीजे नको असेल त्यांनी नैऋत्येचे खुरी गाव गाठावे. मांगणियार या लोकगायकांचे गाणे ऐकायचे तर ध्वनिक्षेपकाविना ऐका, कमायचा या वाद्याचा खर्ज एरवी कानी पडत नाही.

तिसरा दिवस हाती असेल तर पाकिस्तान सीमेजवळचे तनोट मातेचे मंदिर आणि १९७१ च्या लढाईचे लोंगेवाला. तनोट १२० किलोमीटरवर आहे, पूर्ण दिवस जातो. इंधन रामगढला भरून घ्यावे, कारण पुढे भरवशाचे काही नाही. तनोटच्या पुढे सीमेच्या चौकीपर्यंत जायला परवानगी लागते, तेव्हा मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे.

सहल कंपन्यांना विनंती एवढीच, की कार्यक्रमपत्रिकेत हॉटेल तटाच्या आत आहे की बाहेर, मंदिरांसाठी कोणती सकाळ राखली आहे आणि तंबूतला डीजे किती वाजता बंद होतो, हे तीन तपशील छापावेत.

– राजस्थान सहलींचे नियोजन करणारे काही वाचक, पुणे