दोन वर्षांच्या बंदीचे कलम मालकाला वाचवत नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

काल आपल्या उद्योग पुरवणीत नोकरीच्या करारपत्रांवरील लेख वाचला आणि मनस्ताप झाला. 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षे प्रतिस्पर्ध्याकडे काम करणार नाही' एवढे लिहून घेतले की मालकाने निर्धास्त व्हावे, असा सल्ला त्यात दिला आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी रद्दबातल ठरते, याचा मात्र लेखात उल्लेखही नाही.

हा सल्ला मी पूर्वी मानला होता आणि त्याची किंमत मोजली आहे. भोसरीला माझ्या गाळ्यात रबराचे साचे बनतात. माझ्या हाताखाली सात वर्षे तयार झालेला टूलमेकर एक दिवस चाकणच्या एका कारखान्यात रुजू झाला आणि महिन्याभरात माझ्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना माझ्यापेक्षा थोडे कमी दर मिळू लागले. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरचा करार घेऊन मी वकिलांकडे गेलो. त्यांनी बंदीच्या कलमावर आडवी रेघ मारली आणि विचारले, "गोपनीय काय, हे यात कुठे लिहिले आहे?" ते कुठेच लिहिलेले नव्हते. रबराचे प्रत्येक मिश्रण वेगवेगळे आकसते आणि साचा तेवढा मोठा कापावा लागतो. त्या आकसाच्या नोंदींची वही, वीस वर्षांच्या चुकांतून भरलेली, त्याच्या मोबाईलमध्ये फोटो होऊन गेली होती. ड्रॉइंगचे एक वेळ ठीक आहे, कारण नोकरीत असताना काढलेल्या ड्रॉइंगचा स्वामित्वहक्क, वेगळे ठरले नसेल तर, १९५७ च्या कायद्याने मालकाचाच असतो. व्यापारी गुपितांसाठी मात्र आपल्याकडे अजून स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये तसा मसुदा सुचवला, तेवढेच. म्हणूनच गोपनीयतेचे कलम नेमके लिहावे लागते: कोणती वही, कोणते दर, कोणत्या फाईली, आणि त्या केव्हा परत द्यायच्या. मालकाचे खरे संरक्षण त्यात आहे आणि आपल्या लेखात त्यासाठी एक ओळ खर्ची पडली आहे.

नोकरी चालू असतानाच्या बंधनाची गोष्ट वेगळी आहे. कल्याणच्या टायर कॉर्ड कारखान्यातील पाच वर्षांचा करार अर्ध्यात मोडून दुसरीकडे गेलेल्या पर्यवेक्षकाला सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रोखले, पण ते कराराच्या उरलेल्या मुदतीपुरतेच. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट न्यायालयाने मान्य केली, कारण सार्वजनिक बँकेला रिकाम्या जागेसाठी पुन्हा जाहीर भरती करावी लागते. हा निकाल दाखवून गाळ्यातल्या हेल्परकडून वाटेल तो बाँड लिहून घेता येईल, असे कोणी समजू नये. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच मिळते आणि करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मूळ गुणपत्रिका 'ठेव म्हणून' ठेवून घेण्याची सूचना आपल्या लेखकाने सहज केली आहे. माझ्या मुलीच्या अभियांत्रिकीच्या मूळ गुणपत्रिका तिच्या पहिल्या कंपनीने अकरा महिने अडकवल्या होत्या आणि त्यापायी तिचा पुढच्या शिक्षणाचा प्रवेश हुकला. मी स्वतः पंधरा माणसांचा मालक आहे, पण एकाचेही मूळ प्रमाणपत्र माझ्या कपाटात नाही.

पुढील पुरवणीत कलम २७ विषयीची दुरुस्ती लेखाइतक्याच ठळकपणे छापावी, ही विनंती. आज सकाळीच शेजारच्या गाळ्यातील तरुण मालक तो लेख कापून, करारात घालण्यासाठी टायपिस्टकडे घेऊन निघाला होता.

आपला,
एक लघुउद्योजक, भोसरी