गोळी बदलायची नाही, त्याबद्दल

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, आता नव्या गोळ्या आल्यात, सारखं रक्त तपासायला नको. तू रक्त पातळ ठेवायच्या त्या जुन्या वॉरफरिनवर का अडून बसलीस?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

मी नऊ वर्षांची असताना घसा सुजून ताप आला होता. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजले, मग घोटे. आजीने लेप लावले, सूज उतरली, पुढे कुणी दवाखाना केला नाही. त्या तापाने हृदयातली मायट्रल झडप आतून आक्रसत गेली होती, हे कळलं तेव्हा तू दहावीत होतास. झडप अरुंद झाली की तिच्या मागचा कप्पा फुगतो. माझा तो कप्पा आता धड आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. डॉक्टर त्याला एएफ म्हणतात. तिथे रक्त साचतं, त्याची गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात.

नव्या गोळ्या वाईट नाहीत रे. तुझ्या सासऱ्यांची झडप चांगली आहे, त्यांना अपिक्साबॅन दिली ते योग्यच. पण झडप माझ्यासारखी अरुंद असेल, तर जुनीच गोळी लागते. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या साडेचार हजारांवर रुग्णांवर नव्या गोळ्यांपैकी एक, रिव्हरोक्साबॅन, आणि ही जुनी गोळी ताडून पाहिली. २०२२ साली निकाल आला. जुन्या गोळीवर कमी माणसं दगावली, आणि रक्तस्रावही जास्त झाला नाही. डॉक्टरांनी हे समजावलं, तेव्हापासून तपासणीचा मला कंटाळा येत नाही.

आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायचा. आकडा आला की कालनिर्णयच्या चौकोनात लिहिते. डिसेंबरात मेथी स्वस्त झाली, रोज भाजी केली, तर १.६ पर्यंत खाली आला. सूनबाई म्हणाली, पालेभाजी बंदच करा. तसं नको. एकदम बंद केली तर आकडा वर उसळेल. आता मंगळवारी आणि शुक्रवारी, तेवढीच एक वाटी. आणि गुडघा दुखला म्हणून दुकानातून दुखीची गोळी आणायची नाही. गेल्या वर्षी तीन दिवस घेतली, तर दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना.

सकाळी चहा उकळेपर्यंत मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी मोजते. पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चुकतं, कारण ठोक्यांना ताल नाही. दोन पाठोपाठ पळतात, एक रेंगाळतो, एखादा बोटांना लागतच नाही. आज ८२ भरले. मेटोप्रोलॉल चालू आहे, म्हणून एवढ्यावर आहेत.

आता तुझ्या कामाचं. माझं तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर वेळ बघून ठेवायची आणि १०८ ला फोन करायचा. 'झोपू दे, सकाळी बघू' असं करायचं नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि आयएनआर जास्त असेल तर देत नाहीत. म्हणून वॉरफरिन चालू आहे हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. बाबांनाही शिकवलंय.

छकुलीचा घसा दुखतोय म्हणालास. उद्याच दाखव. अँटिबायोटिक दिलं तर ताप उतरल्यावरही कोर्स पुरा कर, आणि महिनाभर तिचे गुडघे-घोटे बघत राहा.

तुझी,
आई