मेंदूची तयारी म्हणजे मेंदूचा निर्णय नव्हे

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत गेल्या आठवड्यात 'तुमच्या आधी तुमचा मेंदू ठरवतो' या मथळ्याचा लेख प्रसिद्ध झाला. बोट हलवावे असे मनात येण्यापूर्वीच मेंदूत हालचाल सुरू झालेली असते, ही त्यातील माहिती खरी आहे; परंतु त्यावरून 'इच्छा हा निव्वळ भ्रम आहे' असा जो निष्कर्ष काढला आहे, तो मूळ प्रयोगांतून निघत नाही. अनेक वर्षे नाशिकच्या शाळेत विज्ञान शिकवले असल्याने आणि घरात कंपवाताचा (पार्किन्सन आजाराचा) रुग्ण असल्याने याबाबत लिहिल्यावाचून राहवले नाही.

या विषयाची सुरुवात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे १९६४ साली झाली. हान्स हेल्मुट कोर्नहुबर आणि त्यांचे विद्यार्थी ल्युडर डेके यांनी माणसांना आपल्या मर्जीने, वाटेल तेव्हा बोट हलवायला सांगून त्यांच्या मेंदूतील विद्युत लहरी नोंदवल्या. हालचालीच्या सुमारे एक सेकंद, कधी त्याहूनही आधीपासून एक मंद ऋण विभव (विद्युत दाबातील ऋण बाजूचा बदल) वाढत जाते, असे त्यांना आढळले. ते प्रथम डोक्याच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंना सारखे दिसते आणि अखेरच्या अर्ध्या सेकंदात, उजवा हात हलणार असेल तर डाव्या बाजूकडे झुकते. ही लहर इतकी क्षीण असते की एका नोंदीत ती ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखाच्या, नेहमीच्या लहरींमध्ये बुडून जाते. म्हणून त्यांनी कित्येक नोंदी चुंबकीय फितीवर घेतल्या आणि फीत उलटी फिरवून, हालचालीच्या क्षणापासून मागे जात त्यांची सरासरी काढली. ही उलटी फीत लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा वाद तिच्यातच दडलेला आहे.

लेखात ज्यांचा उल्लेख आहे ते बेंजामिन लिबेट यांचे संशोधन १९८३ सालचे. २.५६ सेकंदांत एक फेरी पूर्ण करणारा प्रकाशबिंदू पाहत बसलेल्या व्यक्तीने, मनगट हलवण्याची इच्छा झाली तेव्हा तो बिंदू कोठे होता हे सांगायचे, असा तो प्रयोग होता. कोर्नहुबर आणि डेके यांना आढळलेली तीच लहर, म्हणजे तयारीची लहर, हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू झाली, तर इच्छेची जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी झाली. मात्र उरलेल्या अवधीत माणूस हालचाल रोखू शकतो, असे मत खुद्द लिबेट यांनीच मांडले होते. लेखात त्याचा मागमूसही नाही. २००८ सालच्या ज्या संशोधनात निर्णय काही सेकंद आधी ओळखता आल्याचे म्हटले आहे, तेथे डावे बटण की उजवे हा अंदाज सुमारे ६० टक्के वेळाच बरोबर आला होता. नाणे उडवूनही ५० टक्के हाती लागतात.

आता त्या उलट्या फितीकडे वळतो. आपण नाशिककर गोदेचा पूर नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून मोजतो. समजा, पाणी मारुतीच्या छातीला लागले तेवढेच दिवस निवडले आणि प्रत्येक वेळी मागचे काही तास तपासून सरासरी काढली, तर आलेखात पाणी नेहमी हळूहळू चढत गेलेलेच दिसेल. गुडघ्यापर्यंत येऊन ओसरलेले पूर त्या आलेखात येणारच नाहीत, कारण ते आपण निवडलेच नाहीत. मग पाणी चढू लागले त्याच घटकेला नदीने छातीपर्यंत यायचे ठरवले होते, असे म्हणता येईल का? आरॉन शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली नेमका असाच मुद्दा गणिताने मांडला. मेंदूतील क्रिया आपोआप वरखाली होत असते, ती एका पातळीला पोहोचली की हालचाल घडते, आणि फक्त घडलेल्या हालचालींपासून मागे पाहिल्याने चढ ठळक दिसतो, असे त्यांचे म्हणणे आहे. (गोदेवरील गंगापूर धरणातून पाणी सोडणारे कोणीतरी असते, त्यामुळे माझा दाखला तेवढ्यापुरता लंगडा आहे.) या वादाचा शेवटचा शब्द अजून लिहिला गेलेला नाही, मथळ्याने मात्र तो लिहून टाकला.

माझे वडील बंधू गेली काही वर्षे कंपवाताने आजारी आहेत. त्यांना उठून अंगणात जायचे असते, तसे ते स्पष्ट बोलूनही दाखवतात, पण दाराच्या उंबऱ्याशी येताच पाय जमिनीला खिळतात. येणारेजाणारे नातेवाईक सांगतात, "दादा, जरा मनावर घ्या." मनावर त्यांनी कधीच घेतलेले असते. कंपवातात डोपामिन हे मेंदूतील रसायन कमी पडते आणि आपण होऊन करायच्या हालचालींपूर्वीच्या या लहरीचा सुरुवातीचा भाग अशा रुग्णांत क्षीण आढळतो, हे संशोधनातून दिसून आले आहे. आपल्या लेखात इच्छेआधी तयारी आहे. आमच्या घरात इच्छा आहे आणि तयारीच होत नाही. ज्याला हे रोज पाहावे लागते, त्याला इच्छा भ्रम आहे हे वाक्य सहज गिळता येत नाही.

गंमत अशी की हेच बंधू जिन्याच्या पायऱ्या जवळजवळ न अडखळता चढतात. समोर ठळक खूण असली की मेंदूला पाऊल आतून सुरू करण्याचा भार कमी पडतो, असे यामागचे कारण सांगतात. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आम्ही उंबऱ्याच्या अलीकडे पलीकडे, पावलापावलाच्या अंतरावर, पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या, आणि आता बहुतेक सकाळी ते स्वतः तुळशीपर्यंत जातात.

लेखातील निष्कर्षाबाबत खुलासा छापावा, आणि पुरवणीत जागा असल्यास एखाद्या मेंदूतज्ज्ञाकडून या पट्ट्यांविषयी, तसेच टाळ्यांच्या किंवा मोजणीच्या ठेक्यावर चालण्याविषयी लिहून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक सेवानिवृत्त विज्ञान शिक्षक
पंचवटी, नाशिक