डफ, दव आणि डिमर

महोदय,
कागल, मुरगूड, गडहिंग्लजसारख्या ठिकाणी कला महोत्सव भरवताना मंडळांचा निम्मा जीव कमानीत आणि फ्लेक्समध्येच अडकतो. मग ऐन पोवाड्यात स्पीकर घुमायला लागतो. बहुतेक वेळा दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे डिमर आणि साउंडचा मिक्सर एकाच लाइनवर जोडलेले असतात. दोन्हींना वेगळी लाइन द्या, अर्थिंग तपासा. माइकची केबल विजेच्या वायरीला खेटून नेऊ नका. ओलांडायचीच तर काटकोनात.

थंडीत दव पडलं की डफाचं कातडं सैल होतं, आवाज बद्द येतो. शाहिरांना डफ शेकायला विंगेत नव्हे, मंडपाबाहेर शेगडी द्या, शेजारी वाळूच्या दोन बादल्या. केशवराव भोसले नाट्यगृहाची २०२४ची आग कोल्हापूरकरांना वेगळी सांगायला नको.

रात्री १० ला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. म्हणजे मुख्य कार्यक्रम साडेसातलाच उभा राहायला हवा. सत्कार शेवटी ठेवा, तेही माइकशिवाय. ते आधी घेतले की नारळ वाटता वाटता नऊ वाजतात आणि शाहिराच्या वाट्याला अर्धाच पोवाडा येतो.

– काही रंगकर्मी, कोल्हापूर