ताई, त्या रात्रीच्या फोनबद्दल

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

तुमच्याकडून जुना हार्डवेअर सिक्वेन्सर (सुरांचा क्रम साठवून तो दुसऱ्या वाद्यावर वाजवणारं यंत्र) घेतला, पैसे चुकते केले. व्यवहार तिथंच संपला होता. तरी चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला मी फोन केला आणि तुम्ही पाऊण तास माझ्याशी बोलत बसलात. फोनवर धड आभारही मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

माझी तक्रार होती की आवाज बिघडलाय. सिक्वेन्सर स्वतः वाजवायचा तेव्हा सूर स्वच्छ यायचे. मी सिंथच्या, म्हणजे माझ्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या, पट्ट्या दाबल्या की तेच सूर नळीतून आल्यासारखे पोकळ. यंत्र खराब निघालं असं मी जवळजवळ धरूनच चाललो होतो. तुम्ही त्यावर वाद घातला नाहीत. एवढंच विचारलंत, “एका वेळी किती सूर वाजतात सिंथमध्ये?” आठ. “मग आठ पट्ट्या एकदम दाबून धर आणि मोज.” मी दाबल्या, एकेक बोट उचलत ऐकलं. चारच वाजत होते.

“म्हणजे प्रत्येक सूर दोनदा वाजतोय.” एकदा पट्टीवरून थेट आणि एकदा मिडी केबलमधून (वाद्यं एकमेकांना सूचना देतात ती मिडी) सिक्वेन्सरला वळसा घालून. सिंथमधला लोकल कंट्रोल, म्हणजे पट्ट्यांचा आवाजाशी असलेला थेट दुवा, बंद केला आणि आठही सूर हजर! बिघाड असा बोटांवर मोजता येतो, हे मला आधी कुणी दाखवलंच नव्हतं.

ड्रम मशीन सोबत का चालत नाही, तेही त्याच फोनवर सुटलं. मला वाटायचं, केबलमधून टेम्पोचा आकडा जातो. जातात ते नुसते ठोके, दर मात्रेला २४. आणि ते ऐकायचे की नाही, हे ड्रम मशीनला सांगून ठेवावं लागतं. १९८३ साली ठरलेली ही मिडीची भाषा अजून चालते, म्हणून तुमचं जुनं यंत्र माझ्या नव्या सिंथशी बोलतंय, हे सांगताना तुमचा आवाज किती खुलला होता!

पण सगळ्यात मोठे आभार शेवटच्या दोन मिनिटांचे. आता यावर करू काय, असं मी विचारलं. मला वाटलं, एखादा तयार पॅटर्न सांगाल. तुम्ही म्हणालात, “एक ट्रॅक १६ स्टेप्सचा ठेव, दुसरा ७ चा. सुरू कर आणि हात मागे घे.”

घेतला. स्टेप म्हणजे एका सुराची जागा; त्या संपल्या की ट्रॅक पुन्हा पहिलीपासून. १६ चा बास, ७ ची घंटेसारखी धून. दर फेरीला घंटा बासच्या वेगळ्याच सुरावर पडायची. मी योजलीच नव्हती अशी एखादी सुरेख ओळ उभी राहायची आणि पुढच्या फेरीत विरून जायची. ११२ स्टेप्सनंतर दोघं पुन्हा समेवर. संगणकावर मी इतकी वर्षं नोट्सचे चौकोन डोळ्यांनी जुळवत आलो. त्या रात्री पडदा बंद होता आणि मी नुसता ऐकत होतो. मिनिटाला १२० मात्रा आणि मात्रेला चार स्टेप्स, अशा लयीत हे चक्र १४ सेकंदांचं. दुसऱ्या दिवशी आवाज उजळ-मंद करणारा फिल्टर उघडमीट करणारा तिसरा ट्रॅक ५ स्टेप्सचा जोडला, तर ते ७० सेकंदांचं झालं. लिहिलेल्या स्टेप्स सगळ्या मिळून फक्त २८.

सोबत रेकॉर्डिंग पाठवतोय. एक मिनिट दहा सेकंदांवर तिघं एकत्र येतात, तेवढं हेडफोन लावून ऐका. तिथं मी कशालाही हात लावलेला नाही.

तुमचा,
सिक्वेन्सर घेऊन गेलेला