सर, अनुवादातून वाचायला शिकवलंत म्हणून

प्रिय सर,

हे तुम्हाला एकट्याला मेल करता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण अनुवादातली पुस्तकं वाचताना "पण हे खरं पुस्तक नाहीच ना" असं मनात कुठेतरी टोचत राहणारी माझ्यासारखी पोरं खूप आहेत, आणि तुम्ही वर्गात जे दिलंत ते त्यांच्यापर्यंत पण जावं असं मनापासून वाटतं.

आधुनिक साहित्याच्या पेपरचा सिलॅबस बघून मला धडकी भरली होती. जर्मन, रशियन, फ्रेंच, स्पॅनिश, यातली एकही भाषा येत नाही, मग आपण जे वाचतोय त्यात लेखक किती आणि अनुवादक किती हे कळायचं कसं? मी तसं विचारलं तेव्हा तुम्ही प्रश्न उडवून लावला नाहीत आणि ठेवणीतलं उत्तरही दिलं नाहीत. हरवलेलं शोधायला मूळ भाषा लागते, ती शिकाल तेव्हा शोधा, आत्ता तुमच्यापर्यंत काय पोचलंय ते सांगा, असं म्हणालात आणि सरळ पुस्तक उघडायला लावलंत. मला तेव्हा काय सुटल्यासारखं वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही.

मग जर्मनमध्ये लिहिणारा काफ्का आला. तो १९२४ मध्ये गेला, जाताना मित्राला, माक्स ब्रॉडला, सगळं जाळून टाक म्हणून सांगून गेला, ब्रॉडने जाळलं नाही आणि पुढच्याच वर्षी 'द ट्रायल' ही कादंबरी छापली, तीही अर्धवट राहिलेली, प्रकरणांचा क्रम ब्रॉडने लावलेला. म्हणजे जर्मनमध्ये वाचणाऱ्याच्या हातातही एका मित्राने जुळवलेलं पुस्तकच होतं. इंग्रजीत ती विला आणि एडविन म्यूर या नवराबायकोने १९३७ मध्ये आणली. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा 'मूळ' नावाची जी एक बंद खोली मी डोक्यात धरून बसले होते तिची भीतीच गेली. बेकेटचं तर अजूनच वेगळं, आयरिश माणूस, 'वेटिंग फॉर गोदो' हे नाटक लिहिलं फ्रेंचमध्ये, पॅरिसला १९५३ मध्ये रंगमंचावर आलं आणि इंग्रजीत त्याने स्वतःच नेलं.

पण मला सगळ्यात जास्त दिलं ते दोस्तोएव्हस्कीच्या तासांनी. 'ब्रदर्स कारामाझोव्ह' या त्याच्या रशियन कादंबरीचं एकच पान, एकदा कॉन्स्टन्स गार्नेटच्या १९१२ च्या अनुवादातून आणि एकदा पेव्हिअर आणि व्होलोखोन्स्की या जोडप्याच्या १९९० च्या अनुवादातून, दोन्ही मोठ्याने वाचायचं, बस. गार्नेटबाईंचं वाक्य कसं सरळ वाहत जातं, आणि दुसरीकडे निवेदक अडखळतो, परत मागे येतो, तेच तेच बोलतो, वाचताना थोडा वैतागच येतो, आणि मग लक्षात येतं की हा गोष्ट सांगणारा माणूसच घाबरट आणि बडबड्या आहे आणि तो तसा ऐकू येणं गरजेचं आहे. मला दुसरा जास्त आवडला, हे तेव्हाही सांगितलं होतं. पण गार्नेटबाईंवर सगळे रशियन लेखक एकाच आवाजात बोलवल्याची टीका होते तिथे मी आता गप्प बसत नाही, कारण त्या बाईंनी सत्तरच्या आसपास खंड इंग्रजीत आणले, आणि तोल्स्तोय, चेखव, दोस्तोएव्हस्की वाचून इंग्रजी वाचकांच्या कितीतरी पिढ्या घडल्या त्या त्यांच्याच वाक्यांवर. दोन अनुवाद शेजारी ठेवले की कोण बरोबर हा प्रश्न मागे पडतो आणि पुस्तक आधीपेक्षा मोठं दिसायला लागतं, हे मला त्या तासांशिवाय कधीच कळलं नसतं.

आणि अख्मातोवा, स्टालिनच्या काळातली रशियन कवयित्री. मुलगा तुरुंगात, ती स्वतः लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर बाकीच्या बायांबरोबर महिनोन्महिने रांगेत, आणि त्यावरची 'रिक्वियम' ही कविता कागदावर ठेवायची सोय नाही म्हणून चिठ्ठीवर ओळी लिहायच्या, विश्वासातल्या मैत्रिणीने त्या पाठ करायच्या आणि चिठ्ठी जाळून टाकायची. छापलं गेलं १९६३ मध्ये म्युनिकला, तिच्या स्वतःच्या देशात १९८७ मध्ये, तोवर ती जाऊन वीसेक वर्षं झाली होती. मला त्या कवितेतलं रशियन यमक ऐकू येत नाही, येणारही नाही कदाचित, पण ती थंडी, ती रांग, आणि हे तुला लिहिता येईल का असं कुजबुजत विचारणारी ती अनोळखी बाई, हे माझ्यापर्यंत आलंय सर. पूर्ण आलंय. वर्गात कुणीच काही बोललं नाही आणि तुम्हीही लगेच समजावून सांगायला लागला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

आता पुस्तक हातात घेतलं की आधी अनुवादकाचं नाव शोधते, आतल्या पानावर बारीक अक्षरात असलं की राग येतो. इंटरनॅशनल बुकर या अनुवादित पुस्तकांच्या पुरस्काराचे पैसे २०१६ पासून लेखक आणि अनुवादकात निम्मे निम्मे वाटले जातात हे ऐकून बरं वाटलं होतं, पण नाव मुखपृष्ठावर येणं त्याहून जास्त हवं असं माझं मत आहे.

तुमची स्वतःची, समासात पेन्सिलीने लिहिलेली पुस्तकं तुम्ही घरी नेऊ दिलीत, माझी कच्ची टिपणं लाल पेन न लावता वाचलीत, उलट प्रश्न विचारलेत, थँक्यू सर, खरंच. एकच विनंती, सिलॅबस संपवायची कितीही घाई असली तरी पुढच्या बॅचचा दोन अनुवादांचा तास काढू नका.

सध्या मार्केसचं 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' वाचतेय, ग्रेगरी राबासाच्या १९७० च्या अनुवादातून. संपलं की पुस्तक द्यायला येते, तेव्हा थोडा जास्त वेळ काढून ठेवा.

तुमची विद्यार्थिनी